एका पोळीला चार मोदक

उकड सुकून फुटायला लागली तेव्हा निम्मे मोदकही वळून झाले नव्हते. तव्यावर पुरणपोळी करपत होती आणि बोरिवलीच्या सोसायटीतून फोन आला, "काकू, भटजी आलेत. आरतीपर्यंत नैवेद्य येतोय ना?"

"येतोय," म्हटलं.

येण्यासारखं काही दिसत नव्हतं. चतुर्थीची ती आमची पहिली मोठी ऑर्डर, मोदक आणि पोळ्या दोन्ही. घरातले पुरुष गेलेले. दहिसरच्या खोलीत मी आणि माझी धाकटी जाऊ जे करून विकू, त्यावर घर चालायचं. नैवेद्य चुकला असता तर त्या सोसायटीनं पुन्हा विचारलं नसतं, आणि आजूबाजूच्या बिल्डिंगांनीही नाही.

माझ्या दोन पोळ्या होईपर्यंत जावेची एक व्हायची. माझे चार मोदक होईपर्यंत तिचा एक, तोही वाकडा. म्हणून सगळं मीच करत होते. तिला नारळ खवायला बसवलं होतं.

ती उठली आणि तिनं माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं.

"ताई, पोळ्या माझ्याकडे द्या."

"तुझी एक होते तोवर माझ्या दोन होतात."

"होतात ना. सगळ्या चाळीला ऐकवून झालंय तुमचं. पण तुम्ही एक पोळी करता तेवढ्यात तुमचे चार मोदक राहतात. मी केली तर माझे दोनच राहतील. ते तसेही कोण खाणार?"

मी चौथी शिकलेली. हिशेब कळला.

"पातळ लाट," म्हटलं आणि परातीपाशी बसले. गरम पाण्याचा हात लावून उकड पुन्हा मळली, तेल लावलं, ओल्या फडक्याखाली ठेवली आणि वळत सुटले. नंतरचा एकही मोदक फुटला नाही. तिच्या पोळ्या जरा जाड झाल्या. मी तसं बोलून दाखवलं.

"तुम्ही वळा," ती म्हणाली.

आरतीआधी डबे रिक्षातून पोचले. तेव्हापासून दर चतुर्थीला ती ऑर्डर आमचीच. मोदक मी, पोळ्या ती. दोन्ही मला तिच्याहून चांगलं येतं, हे मी आजही तिच्या तोंडावर सांगते. लाटणं मात्र परत मागितलं नाही.

लोक विचारतात, "तेव्हा मदतीला कोण कोण होतं?" कोणी नव्हतं. आम्ही दोघी जावा होतो.