पानावर आलेला पाहुणा

मी मेडिकलसाठी रशियाला निघाले तेव्हा विमानतळावर बाबा एवढंच म्हणाले, "जपून राहा आणि जेवत जा." आईने बॅगेत मेतकूट आणि डिंकाचे लाडू इतके कोंबले होते की पुस्तकं हातात घ्यावी लागली. पुढे मी डॉक्टर झाले, लग्न झालं, समीरबरोबर इंग्लंडमध्ये स्लाऊला आले आणि इथल्या हॉस्पिटलात लागले. तोवर माझा धाकटा भाऊ निखिल त्याच रशियन शहरात, त्याच होस्टेलवर जाऊन पोचला होता. "ताई राहिली ना? मग मला काय होतंय?" हे त्याचं पालुपद.

काय होतंय ते मला पक्कं ठाऊक होतं. दर एप्रिलमध्ये, हिटलरच्या वाढदिवसाच्या सुमारास, काही दिवस असे यायचे की परदेशी विद्यार्थ्यांनी होस्टेलबाहेर पाऊल टाकायचं नाही. टक्कल केलेल्या पोरांच्या टोळ्या फिरायच्या आणि सावळा माणूस दिसला की मारायच्या. आम्ही बटाटे आणि ब्रेड आधीच भरून ठेवायचो.

स्लाऊला पंजाबीत भांडायला माणसं होती, पण माझ्याशी रशियन बोलायला कुणी नव्हतं. म्हणून जुने वर्गमित्र शोधायच्या एका रशियन साइटवर मी पान उघडलं. होस्टेलमधली माझी रूममेट लेना तिथेच पुन्हा भेटली. निखिलचंही पान होतं. त्या साइटची गंमत अशी की तुमच्या पानावर कोण डोकावून गेलं ते नावानिशी दिसायचं. त्यांना 'पाहुणे' म्हणत. चोरून बघायची सोयच नाही! इथे शेजारी वर्षानुवर्षं डोकावत नाहीत, त्यामुळे मला ते फार आवडायचं.

त्या एप्रिलमध्ये लेनाने लिहिलं की बाजाराजवळ भारतीय मुलांना मारलंय, काही हॉस्पिटलात आहेत, नावं कळत नाहीत. निखिलचा फोन बंद. होस्टेलचा कुणी उचलेना. साइटवरच्या त्या शहराच्या ग्रुपवर गेले तर बातमीखाली लोकांनी लिहिलं होतं, बरं झालं, आणखी हवं होतं. सोबत हसरे चेहरे. घरात ते वाचता येणारी मी एकटीच.

"अगं, काय लिहिलंय? एम्बसीला फोन लावू का?" समीर विचारत होता. मी स्क्रीन बंद केली. तेवढ्यात सांगलीहून आईचा फोन आला. "निखिलचा फोन लागत नाही गं. तुझं बोलणं झालं का?"

"परीक्षा आहे त्याची, बंद ठेवला असेल," मी म्हणाले. आवाज कुठून आणला देव जाणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी पान उघडलं आणि पाहुण्यांत निखिलचं नाव! मी किंचाळलेच. पण लगेच आठवलं. होस्टेलच्या मजल्यावर कॉम्प्युटर एकच. एक उठला की दुसरा त्याच्याच नावाने बसायचा, लॉगआउट करायची शिस्त कुणाला? मग हा निखिलच कशावरून? मी त्याच्या पानावर जाऊन आले, म्हणजे तिकडे माझं नाव दिसेल. जरा वेळाने तो पुन्हा येऊन गेला. मीही पुन्हा गेले. मेसेज करायला धीर होत नव्हता. उत्तर दुसऱ्याच कुणी दिलं तर? आम्ही नुसते एकमेकांच्या दारात येऊन परत जात होतो. शेवटी तिकडून इंग्रजी अक्षरांत मराठी आलं: "ताई, मीच आहे. हात मोडलाय, फोन गेला. काय लिहावं सुचत नव्हतं. आईला सांगू नकोस."

मी टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडले.

आईला नाही सांगितलं. निखिल आता पुण्यात प्रॅक्टिस करतो, आणि तो जिन्यावरून पडला होता असंच आई अजून समजते. मागे घरी राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना आमचे जे हसरे फोन येत होते, त्यांतून काय काय गाळलेलं असे ते तुम्ही न विचारलेलंच बरं.

माझी मुलगी तेव्हा रांगत होती. आता ती दूर युनिव्हर्सिटीत आहे. "आई, मी फाइन आहे, डोन्ट वरी," म्हणते आणि फोन ठेवते. पूर्वी घर म्हटलं की सांगली डोळ्यांपुढे यायची, जिथे वाईट काहीही पोचू द्यायचं नाही अशी जागा. आता ती जागा मी झाले आहे. स्लाऊच्या किचनमध्ये बंद फोन हातात धरून मी उभी असते, आणि या वेळी काय मोडलं असेल ते मला कुणीच सांगणार नसतं.