छापखान्याची काजळी

१२ फेब्रुवारी १९९७, बुधवार. सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे झाली होती. पंचगंगा घाटावर गंगेत स्नान करून, पायऱ्या चढून मी नुकताच घरी आलो होतो आणि ओले धोतर दोरीवर घालत होतो. सुनेने आतून हाक मारली.

"बाबा, जरा इकडे या. लवकर या."

माझी नात तेव्हा सात महिन्यांची होती. ती आईच्या मांडीवर होती आणि तिचे डोळे उघडत नव्हते. पापण्या सुजून एकमेकींना चिकटल्या होत्या. कडांवर पिवळा चिकटा वाळला होता आणि त्यात काळे कण होते. मुलगी रडत नव्हती. माझा आवाज आला त्या बाजूला तोंड वळवून ती नुसती हात हलवत होती. ती रडली असती तर मला बरे वाटले असते.

"डोळे आलेत वाटतं," सून म्हणाली. "गल्लीत साथ आहे का हो?"

"असेल," मी म्हणालो.

साथ असल्याचे मी ऐकले नव्हते. ते काळे कण मात्र ओळखले होते.

माझी पत्नी त्याच्या दोन वर्षे आधी वारली. ती होती तोवर काजळ धरणे हे तिचे काम होते. खाली एरंडेलाचा दिवा, बाजूंना विटा, वर तांब्याची ताटली. ताटलीला धरलेल्या काजळीचे ती दोन भाग करी. एक लोण्यात खलून मुलांच्या डोळ्यांसाठी ठेवी. दुसरा डिंकाच्या पाण्यात घोटून मला शाईसाठी देई. पंचांग छापणाऱ्या एका छापखान्यात मी चौतीस वर्षे मुद्रिते तपासली, आणि घरी बोरूने पोथ्या उतरवून देत असे. शाई आणि काजळ एकाच ताटलीतून निघते, हे आमच्या घरात कोणाला सांगावे लागत नसे.

नात झाल्यावर काजळ धरण्याचे काम मी अंगावर घेतले. सून इंदूरची. ती बाजारातली डबी आणू म्हणत होती. मी नको म्हटले. बाजारच्या सुरम्यात शिसे असते असे कुठेसे वाचले होते. घरचे ते निर्धोक, असे मी तिला बजावले.

पण माझ्या हाताला ते काम साधले नाही. कधी वात मोठी होई, कधी वारा लागे, आणि काजळ तपकिरी उतरे. शेजारच्या वहिनी माझ्या पत्नीच्या मैत्रीण. त्या एक दिवस नातीकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, हे काजल आहे की पानाचा कत्था? आता चुना तेवढा लावायचा राहिला पोरीला!"

निवृत्त होताना मी छापखान्यातून कोरड्या काळ्या भुकटीचा एक डबा घरी आणला होता. छपाईची शाई फिकी आली की तीत ही भुकटी मिसळत. पत्नी गेल्यापासून मी पोथ्यांची शाई या भुकटीचीच करत होतो. आमच्या हिशेबी ती काजळीच. त्या बुधवारआधीच्या शनिवारी तिची एक चिमूट लोण्यात खलली. रंग असा गडद आला की वहिनींनी त्यातले अर्धे आपल्या नातवासाठी मागून नेले. भुकटी कुठली हे मी कोणाला सांगितले नाही. त्यात सांगण्यासारखे काही आहे असे वाटले नव्हते.

आता मी तो डबा फडताळातून काढला. वरची कागदी चिठ्ठी त्याच भुकटीने काळी झाली होती. ओल्या फडक्याने पुसली तेव्हा इंग्रजी अक्षरे दिसू लागली. केवळ कारखान्यातील वापरासाठी. त्याखाली बारीक टाइपात, धूळ श्वासात जाऊ देऊ नये, डोळ्यांना लागू देऊ नये. त्याखालची ओळ फाटलेली होती. ती काय होती हे मला अखेरपर्यंत कळले नाही. ग्रहणाच्या वेळेत एका पळाची चूक मी कधी सुटू दिली नव्हती. हा डबा सहा वर्षे माझ्या घरात होता आणि मी तो वाचला नव्हता.

झाकण घट्ट लावून डबा होता तिथे परत ठेवला.

मुलगा बँकेच्या नोकरीवर गोरखपूरला होता. आम्ही दोघेच मुलीला घेऊन निघालो. गल्लीतून मैदागिनच्या चौकापर्यंत पायी जायचे आणि तिथून रिक्षा. चौखंभ्याच्या गल्लीत एक सांड वाटेत आडवा उभा होता, तो हलेपर्यंत थांबावे लागले. सुनेने पदर मुलीच्या तोंडावरून बाजूला केला. मी मुलीच्या चेहऱ्यापुढे हात हलवला. पापण्या मिटलेल्या असताना त्यातून काय कळणार होते? तरी पुन्हा एकदा हलवला. तेव्हाच सुनेला सांगायला हवे होते. मी सांडाकडे बघत राहिलो.

डोळ्यांचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी पापण्या पाहिल्या आणि विचारले, "काजल लगाती हैं?"

"जी, पर घर का है," सून म्हणाली. "बाबा ख़ुद बनाते हैं. बाज़ार का हम लोग नहीं लगाते."

हे ती अभिमानाने म्हणाली.

"घर का हो या बाज़ार का, बच्चे की आँख में नहीं डालना चाहिए," असे म्हणून डॉक्टर औषध लिहू लागले. एक ओळ झाली. दुसरी झाली. मी गप्प राहिलो असतो तर आम्ही तो कागद घेऊन घरी गेलो असतो, आणि मी काय केले हे कोणालाही कळले नसते. त्या क्षणी मला मुलीच्या डोळ्यांइतकीच याचीही भीती वाटत होती. हे लिहिताना लाज वाटते, पण ते खरे आहे.

"डॉक्टर साहब, वह घर का नहीं है," मी म्हणालो. "छापेखाने का काला है."

सुनेने मान वळवून माझ्याकडे पाहिले. डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली.

"स्याही वाला? बाबूजी, वह दीये की कालिख थोड़े ही है. कारख़ाने में खनिज तेल जलाकर बनाते हैं. उसमें और क्या-क्या रह जाता है, मैं नहीं बता सकता."

त्यांनी डोळे धुवायला घेतले. मुलीचे डोके मला धरायला सांगितले. पापणी उलटली तेव्हा आत काळी रेघ बसलेली दिसली. पाणी पडताच मुलगी किंचाळली आणि मग श्वास घेईना. तिचे ओठ निळे पडेपर्यंत मी तिचे डोके घट्ट धरून होतो; मग तिला पुन्हा रडू फुटले. कापसावर काळे उतरत होते. तिसरा बोळाही काळा झाला. मग डॉक्टरांनी भिंगातून बराच वेळ पाहिले. उजवा डोळा स्वच्छ होता. डाव्या बुबुळावर ओरखडा होता; त्या डोळ्यावर त्यांनी पट्टी बांधली.

"नज़र?" मी विचारले.

"कल सुबह पट्टी खोलकर देखेंगे. आज आँख मलने मत दीजिए, नाख़ून काट दीजिए. और वह डिब्बा कल साथ लाइए."

"यह हाथ मुँह में डालती है," सून म्हणाली. "पेट में गया होगा तो?"

डॉक्टरांनी मुलीची बोटे उघडून पाहिली. "उसकी जाँच मेरे पास नहीं है. किसी और को तो नहीं दिया?"

रिक्षात सून एकच वाक्य बोलली. "बाबा, मी बाजारातलं आणते म्हटलं होतं."

घरी न थांबता मी वहिनींकडे गेलो. त्यांचा नातू चटईवर वाटी आपटत बसला होता. त्याच्या डोळ्यांत माझे काजळ होते.

"वहिनी, ती डबी परत द्या."

"का हो? दिलेलं काजल कोणी परत मागतं?"

"ते छापखान्यातलं आहे."

"अगं बाई! मग काय पोराच्या डोळ्यांत एकादशी नि चतुर्थी उमटणार?" त्या हसल्या.

मी नातीविषयी सांगितले. त्यांचे हसू गेले. नातवाला उचलून त्यांनी खिडकीशी नेले, उजेडात त्याचे तोंड वर केले. "ह्याचे तर साफ आहेत. साफच आहेत ना? भाऊजी, नीट बघा ना!"

मी पाहिले. "मला कळत नाही. डॉक्टरकडे न्या. आत्ता न्या."

"तुम्हीच दिलंत आणि तुम्हालाच कळत नाही?"

त्या अनवाणीच जिना उतरल्या. चार वाजता परत आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "सध्या ठीक आहे म्हणतात." त्या आत आल्या नाहीत.

डबा कुठे फेकताही आला नसता. गल्लीतली मोरी गंगेला मिळते. झाकणाभोवती मेण लावून, दोरी बांधून तो सकाळी डॉक्टरांकडे न्यायला दाराशी ठेवला.

दिवेलागण झाली. सून दुपारपासून मुलीचे दोन्ही हात धरून बसली होती. मुलगी सारखी पट्टीकडे हात नेत होती, आणि सुनेचे हात थकले होते.

"नखं राहिली," मी म्हणालो.

"दिवे लागलेत. आता कशी कापायची?" सवयीने ती बोलून गेली. आमच्या घरात दिवेलागणीनंतर नखे कापत नसत. मग तिने मुलीची उजवी मूठ उघडली आणि माझ्यापुढे धरली.

मी कात्री आणली. आधी उजवा हात, मग डावा. तुकडे कागदात गोळा केले. कडा बोचतात का हे प्रत्येक बोट माझ्या गालावर घासून पाहिले. डाव्या अंगठ्याचे नख बोचत होते. ते पुन्हा कापले, कात्री पुसली आणि मुलीच्या हाताला लागणार नाही अशी वरच्या फळीवर ठेवली.