आभाळ बघायची करडी पट्टी

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातून नुकताच भाईंदरला पोहोचलो होतो. त्याला आता महिना होऊन गेला.

ताई, माझी थोरली बहीण, कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत होती आणि आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहायची. बंद पडलेल्या कॅलक्युलेटरच्या काचेवरची करडी पट्टी सोलून ती एका सुट्टीत बिल्डिंगमधल्या पोरांना गच्चीवर घेऊन गेली. सूर्य खांद्याशी ठेवायचा, समोरच्या निळ्या आभाळाकडे पट्टीतून बघायचं आणि पट्टी हळूहळू फिरवायची. आभाळ गडद व्हायचं, मिठागरांवरचे ढग पांढरेफेक उठून दिसायचे. "हवेमुळे बाजूला विखुरलेला प्रकाश जास्त करून एकाच दिशेत थरथरतो. पट्टी त्याला आडवी आली की तो अडतो," ताई म्हणाली. पोरं खूश! कॉलेजातून अशा आणखी पट्ट्या आणून तिने प्रत्येकाला तुकडे कापून दिले.

पुढे ग्रहण आलं. आदल्या संध्याकाळी माझी रश्मी तिला कौतुकाने सांगायला गेली, "आत्या, दोन तुकडे आडवे-उभे ठेवले की सगळं काळं होतं. उद्या आम्ही त्यातूनच ग्रहण बघणार. मी तर आज सूर्य बघितला पण!"

ताईचा चेहराच उतरला. उजेड अडला तरी सूर्याची न दिसणारी उष्णता त्यातून डोळ्यात जाते, आणि आत भाजलं तरी दुखत नाही. ती अनवाणीच दारोदार फिरली. "जिग्नाबेन, बच्चों से वो पट्टी ले लो, अभी के अभी!" सगळे तुकडे तिने परत घेतले.

डॉक्टरांनी रश्मीचे डोळे ठीक आहेत म्हणून सांगितलं. ताईला पटेल तर शपथ. शाळेतून आली की रश्मीला खिडकीशी उभी करायची, एकेक डोळा झाकून ग्रिलचे गज बघायला लावायची; डोळ्यातला पडदा भाजला असेल तर सरळ रेघ वाकडी दिसते म्हणे. "वाकडे दिसतायत का गं? खरं सांग." महिने गेले, वर्षं गेली, तरी हे चालूच. मी एकदा वैतागलो, "ताई, पोरीला उगाच घाबरवतेयस तू."

"घाबरू दे. माझ्यामुळे तिची नजर गेली असती तर?" एवढंच म्हणाली.

परवा तिचं घर आवरायला गेलो. रश्मी आता कॉलेजात जाते. कोणी न सांगता ती खिडकीशी गेली, एका डोळ्यावर तळवा ठेवला, मग दुसऱ्या. मी हातातली भांडी तशीच धरून उभा.

"सरळ आहेत," ती म्हणाली.

"खरं सांग," माझ्या तोंडून निघून गेलं.