काथ्याचा राक्षस

गोटीरामला सिनेमात घेतलं ते काही त्याच्या तोंडाकडं बघून नव्हे. तोंड तर झाकायचंच होतं! त्र्याहत्तरच्या सुमाराला तुर्भ्याच्या खालच्या अंगाला, खाडीकाठच्या मिठागरात एक फिल्म कंपनी उतरली. खाडीतून उठणाऱ्या राक्षसाचा सिनेमा, काळापांढरा. राक्षस व्हायला मुंबईहून आणलेला पैलवान पहिल्याच दिवशी चिखलात मांडीपर्यंत रुतला. गोटीराम आगऱ्याचा गडी, मिठागरातच वाढलेला, ताडमाड उंच. त्यानं पैलवानाला उपसून काढलं आणि राक्षसाचं कातडं त्याच्याच अंगावर चढलं.

कातडं म्हणजे काय, तर गोणपाटावर शिवलेला काथ्या, वरून फाटकं जाळं आणि डोळ्यांच्या जागी बॅटरीचे दोन बल्ब. शेपूट हलवायला दोरी, ती ओढायला एक माणूस चिखलात पालथा. डायरेक्टर ओरडायचा, "चिडो, चिडो!" आणि गोटीराम बिचारा आतल्या आत मनापासून चिडायचा. हसू नका. असलं काम आपल्या वाट्याला पुन्हा यायचं नाही, हे त्याला कळत होतं. घरी मात्र सांगितलं, कंपनीचं सामान उचलतो. आयला एकदम पडद्यावरच दाखवायचं होतं ना!

आता ही आय, यशोदाबाई, मिठागरात ऐरीगैरी बाई नव्हती. भरतीचं पाणी आत घ्यायला बांधाचं दार उचलायचं, त्याआधी खाली कामाला गेलेली सगळी माणसं वर आली का, ते ती बघायची. उन्हात मीठ असं तळपतं की लांबून कुणाचं तोंड दिसत नाही. यशोदाबाई नुसत्या चालीवरून माणूस ओळखायची. "त्यो गंगाराम आला. ती रखमा. भगवान खालीच हाय अजून, थांबा!" तिनं मान हलवल्याशिवाय दाराला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मुकादमसुद्धा तिच्या तोंडाकडं बघत उभा राहायचा.

पुढं गावच्या जत्रेत तंबूवाल्यानं तोच सिनेमा आणला. गोटीरामनं आयला पुढं बसवलं. शेजारी शिवा पाटील, तळोज्याकडचे. त्यांच्या लेकीशी, पुतळाशी, गोटीरामची सुपारी नुकतीच फुटली होती. पडद्यावर ढोल वाजले, खाडी घुसळली, राक्षस उठला आणि त्याचा एक डोळा विझला. झालं! "काना राक्षस, काना राक्षस!" करत पोरं उठून नाचायला लागली. राक्षसाची डरकाळी म्हणजे सरळ एस.टी.चा हॉर्न. नायिकेवर फेकलेला खडक वाऱ्यानं भलतीकडंच उडाला. राक्षस तिच्यामागं धावला तर शेपूट चिखलातच राहिलं. शिवा पाटील मांडीवर थापा मारत होते. "कोन बावलट हाय रे यो!"

इतक्यात यशोदाबाई ताडकन उभी राहिली. "अरे, यो तर माजा गोटी! बगा, डावा पाय कसा भायेर टाकतोय!" सगळ्या तंबूला ऐकू गेलं. बाईला आनंद मावत नव्हता.

शिवा पाटलांनी वळून बघितलं. गोटीरामनं नुसतं 'हो' म्हणायचं होतं. जीभ वळली ती भलतीकडंच.

"काय पन बोलतेस, आये! मी तं सामान उचलीत होतो. तुजे डोले गेले आता."

तंबू पुन्हा हसला, या खेपेला तिला. यशोदाबाईनं एकदा पडद्याकडं, एकदा लेकाकडं बघितलं आणि खाली बसली. लेक खोटं बोलेल, हे तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही.

सकाळी तिनं मुकादमाला सांगून टाकलं, दुसरं माणूस बघा. "माज्या पोटचा पोर मना वलखता येत नाय. लोकांच्या पोरांचा जीव कसा सांभालू?" मुकादमानं हातापाया पडून बघितलं. गोटीराम तिथंच उभा होता, मेला! लगीन पार पडू दे, मग सांगू, असं त्यानं ठरवलं. लगीन झालं, पोरं झाली, आणि ते सांगणं आज-उद्या करत राहूनच गेलं.

मग जमिनी गेल्या, मिठागरावर भराव पडला, गोटीराम कारखान्यात वॉचमन झाला. यशोदाबाई ओट्यावर कोलंबी सोलत बसायची. समोरून कुणी आलं तरी तो बोलेपर्यंत त्याचं नाव घ्यायची नाही. जिच्या नजरेवर अख्खं मिठागर विसंबायचं, ती अशी चाचपडताना गोटीरामला बघवेना. शेवटी त्यानं व्हिडिओवाल्या नंदकुमारकडून तो सिनेमा कुठूनसा मिळवला, भाड्याचा टीव्ही घरात मांडला आणि आयला समोर बसवलं.

राक्षस उठला. घरातली पोरं खो-खो हसली. यशोदाबाई पुढं वाकून बघत होती.

"आये, त्यो मीच हाय," गोटीराम म्हणाला. "तवा मी खोटं बोललो. सासऱ्यासमोर लाज वाटली गं."

"चाल तं तुजीच वाटते," ती म्हणाली. "तवाबी मी अशीच फसले." तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "पन आता माजी समजूत कशाला काढतोस? तवा तू तोंडावर खरं बोललास, ते बरं झालं बाबा. नायतर या फुटक्या डोल्यांनी मी एक दिस कुनाला तरी बुडवला असता."

"नाय गं आये, देवाशपत सांगतो..."

"देवाची खोटी शपत घेऊ नको," यशोदाबाई म्हणाली. "माजा गोटी माज्याशी कवाच खोटं बोलला नाय."