गाण्यांच्या मधली खोली

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी सांगलीत एका कॉम्प्युटर क्लासात शिकवत होते. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नोकरीला होकार दिला तो एकाच अटीवर. "एकटी ऱ्हायाचं न्हाई. एकटी ऱ्हायलीस की बाडबिस्तरा घिऊन कोयनानगरला माघारी!" खोलीत सोबतीला एक मैत्रीण होती. दिवाळीनंतर तिचं लग्न झालं, ती गेली. मी आबांना सांगितलंच नाही. फोनवर ते विचारायचे, "दोघी बऱ्या हाय का?" मी म्हणायचे, "मजेत!" थाप पचली होती. खोली मात्र खायला उठायची.

आई गेल्यापासून आबाही धरणाच्या वसाहतीत एकटेच होते. त्यांना जुन्या गाण्यांचं भारी वेड. क्लासात कुणीतरी एमपीथ्रीची सीडी आणली, एकाच सीडीवर शंभरावर गाणी! "कॉम्प्युटरमधली गाणी तुमच्या वॉकमनवर वाजतील अशी करून देते," मी ऐटीत सांगितलं. वॉकमन मीच घेऊन दिला होता. आता, कॉम्प्युटरपासून टेपपर्यंत एक वायर लावायची असते, हे शिकवणाऱ्या बाईंना माहीत नको? नव्हतं! क्लासचा एक जुना कॉम्प्युटर सरावासाठी माझ्या खोलीवर होता. मी आपला टेपरेकॉर्डर त्याच्या स्पीकरला खेटून ठेवला, लाल बटण दाबलं आणि स्वयंपाकाला लागले. एक बाजू भरली. ऐकून बघायचा कंटाळा केला आणि कॅसेट कोयनानगरच्या एसटीच्या ड्रायव्हरकडं दिली.

बरेच दिवस आबांचा फोन नाही. मग त्याच ड्रायव्हरनं कॅसेट परत आणली. "दुसरी बाजू ऐक म्हणालेत," तो म्हणाला.

आधी मी माझीच बाजू लावली. गाणी ठीक होती. पण एक संपून दुसरं सुरू होईपर्यंत माझी खोली ऐकू येत होती. कुकरची शिट्टी. मग मी: "चहा टाकू का गं?" आणि परत मीच: "टाक की, कोण नको म्हणतंय!" पुढं कॉम्प्युटर अडकला होता, तर त्यालाही झापलं होतं, "मेल्या, तू तरी बोल की!" अगं बाई! हे सगळं आबांनी कानाला लावून ऐकलं होतं. आता बाडबिस्तरा बांधायचाच, दुसरं काय?

बाजू पालटली. वॉकमनवर आवाज भरता येत नाही, त्यांनी शेजाऱ्यांचा टेप मागून आणला असावा.

"बाय, गाणी लय ग्वाड हायती," आबा म्हणाले. "तुझ्या खोलीत दुसरं कुणी न्हाई, त्ये कळलं मला. मीबी तुझ्या आईला इचारतो, च्या टाकू का म्हणून. सवय जात न्हाई." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "टाकतो आता. तूबी टाक."

मग स्टोव्हचा पंप, भांड्याचा आवाज, बऱ्याच वेळानं चहाचा भुरका. मीही चहा टाकला आणि टेपसमोर बसले. बाजू संपेपर्यंत ते पुढं एक अक्षर बोलले नाहीत.

माघारी ये, असं त्यांनी म्हटलंच नव्हतं. सुटले बाई, असं वाटायला हवं होतं. मी टेप मागं घेतला, पुन्हा ऐकला, कुठं हळू आवाजात म्हणालेत का ते बघितलं. नव्हतेच म्हणाले.

"एकदा तरी म्हणायचं होतंत, आबा," मी टेपला म्हणाले, आणि मला रडू फुटलं.