एकाच कानात?

नेदरलँड्समधल्या समस्त मराठी माणसांत स्वतःच्या जिवापेक्षा दुसऱ्याच्या कानाची जास्त काळजी करणारा माणूस एकच, आणि ते म्हणजे आमचे सर. गणपतीला हॉलमध्ये आरती चालू असताना कुणी नुसता कान चोळला तरी सर टाळ्या थांबवून गर्दीतून त्याच्यापाशी जात आणि हळूच विचारत, "एकाच कानात?" तो बिचारा गोंधळून हो म्हणाला, की पुढचा प्रश्न, "नाकातून रक्त? मानेला गाठ?" सरांच्या पत्नी, आमच्या काकू, लांबूनच म्हणायच्या, "अहो, त्यांना आधी मोदक तरी खाऊ द्या."

सरांचं सगळं संशोधन एका कॅन्सरवर. नाकाच्या मागे, घशाच्या वर होणारा. दक्षिण चीनमधल्या लोकांत तो जास्त दिसतो, काही घराण्यांत पिढ्यानपिढ्या दिसतो, आणि सुरुवातीला कित्येकदा नुसता एक कान बंद झाल्यासारखा वाटतो. इथे येऊन स्थायिक झालेल्या चिनी कुटुंबांत तो कसा उतरतो, हे सर शोधत. लहानपणी खाल्लेल्या खाऱ्या माशाचाही त्यात हात असतो, म्हणून पुण्याचे शुद्ध शाकाहारी सर डब्यात मासा घेऊन डेल्फ्टच्या प्रयोगशाळेत आगगाडीने जात. डबा मांडीवर ठेवून ते शांतपणे वाचत बसत, आणि पुढच्या स्टेशनपर्यंत आसपासच्या जागा आपोआप मोकळ्या होत. उइटहॉर्नच्या त्यांच्या घरात त्या डब्याला सायकलींच्या खोलीपलीकडे प्रवेश नव्हता.

माझी नोकरीही त्या माशानेच दिली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी, शाळा राजापूरकडची, इंग्रजी बोलताना घाम फुटायचा. मुलाखतीत सरांनी माझे गुण बाजूला ठेवले आणि मराठीत विचारलं, "तुमच्याकडे बांगडा खारवतात तो कसा?" मी आई करते तसं सगळं सांगितलं. सर म्हणाले, "छान. हे नीट सांगता येतं, म्हणजे बाकीचंही येईल." इथले सगळे त्यांना नावाने हाक मारतात. मला ते अजून जमलेलं नाही.

सर कँटोनीज शिकले होते, पण फक्त कामापुरतं. साधा चहा मागता येत नसे. नाक, कान, मान, रक्त, गाठ आणि त्या रोगाचं नाव मात्र अस्सल पुणेरी ठसक्यात म्हणत. आणि त्यांचा एक हट्ट होता. "रोग ज्याचा, त्याला पहिल्यांदा सांगायचं," असं ते प्रत्येक चिनी कुटुंबाला बजावत, कारण त्या घरांतून म्हाताऱ्यांपासून आजार लपवण्याचीच रीत. आपल्याकडेही तीच. सरांच्या वडिलांना शेवटपर्यंत काही सांगितलं नव्हतं, आणि न सांगणाऱ्यांत सरही होते.

हूफडॉर्पला एका म्हाताऱ्या गृहस्थांचं चायनीज टेकअवे होतं. त्यांचा धाकटा भाऊ याच रोगाने गेला होता, म्हणून त्यांनी एकदा तपासून घ्यावं यासाठी सर दर शुक्रवारी मला घेऊन तिथे जात. मालकांना डच येई ते ऑर्डर घेण्यापुरतं. ते विचारत, "भाज्यांचे नूडल्स? अंडं नको?" सर मान हलवत आणि आपल्या कँटोनीजमध्ये विचारत, "एकाच कानात?" मालक हसून कढईकडे वळत. तपासणीला त्यांची मुलगी त्यांच्या वतीने तारखा देई. चिनी नवं वर्ष होऊ दे, मग तिचं लग्न होऊ दे. नव्या वर्षाच्या तोंडावर आजार शोधायला कोण जातं? सर नूडल्स खात राहिले.

शेवटी मानेला गाठ आली, तेव्हा मालक आपण होऊन इस्पितळात आले. तपासण्या झाल्या. निकाल सांगायच्या दिवशी त्यांनी मुलीशिवाय दुसरा दुभाषा नको म्हणून सांगितलं आणि सरांना बोलावून घेतलं; सरांनी मला. डॉक्टरबाईंनी डचमध्ये स्पष्ट सांगितलं, कॅन्सर पसरलाय, उपचार करू, पण बरा होणार नाही. मुलगी वडिलांकडे वळून थोडंसंच बोलली. त्यात त्या रोगाचं नाव नव्हतं. ते सरांना कळलं, कारण तो शब्द त्यांना येत होता.

सर अर्धवट उठले. तुम्हाला खरं जाणून घ्यायचंय का, एवढंच विचारायचं होतं. पण कँटोनीजमध्ये त्यांच्यापाशी नाक होतं, कान होता, रक्त होतं. हे शब्द नव्हते. तोंड उघडून ते तसेच उभे राहिले. तेव्हा मालकांनी आपल्या उजव्या कानावर बोट ठेवलं आणि सरांच्याच पुणेरी ठसक्यात म्हणाले, "एकाच कानात." मग हसले आणि मुलीचा हात धरला. सर खाली बसले.

बाहेर बसस्टॉपवर सर म्हणाले, "त्यांना माहीत आहे रे. मुलीसाठी माहीत नसल्यासारखं करतायत." बस आली. मग म्हणाले, "आमचे बाबाही तसंच करत असतील का?"

पुढे शुक्रवारी आम्ही इस्पितळात जायचो. मालक उशीवरून विचारायचे, "भाज्यांचे? अंडं नको?" सर म्हणायचे, "नको." एवढंच. मालकांच्या अंत्यविधीला आलेल्यांना त्यांच्या रीतीप्रमाणे एकेक गोड गोळी दिली, घरी पोचायच्या आत खायची. सरांना मधुमेह आहे. त्यांनी ती बसमध्ये खाल्ली आणि कागद खिशात ठेवला.

त्यानंतर सरांनी कुणाच्या कानाची चौकशी केली नाही. यंदाच्या गणपतीत समोरच्या रांगेत एक गृहस्थ सारखे कान चोळत होते. मी सरांकडे पाहिलं. ते खाली बघून टाळ्या वाजवत होते. काकूंनी त्यांना कोपर लावलं. "अहो, ते बघा. विचारा की."

सरांनी टाळ्या थांबवल्या आणि गर्दीतून वाट काढत गेले. परत आले तेव्हा आरती संपली होती.

"दोन्ही कानांत आहे," ते काकूंना म्हणाले, "सर्दी." आणि प्रसादाचा द्रोण हातात तसाच धरून बराच वेळ दाराकडे बघत राहिले. तो शुक्रवार होता.