सात नावांच्या चर्चमधला शेवटचा रविवार

आईचे गुडघे धड असते तर मी या प्रवासाला निघालेच नसते. देगलूरजवळच्या आमच्या गावातलं चर्च बंद होणार, रविवारी शेवटची उपासना, असा पाळकसाहेबांचा फोन आला. आई म्हणाली, "आपलं नाव घ्यायला कुणीतरी पाहिजे. तू जा." नाताळ सोडला तर मी चर्चची पायरी चढत नाही, पण आईपुढे माझं काही चालत नाही.

ही नावाची भानगड आधी सांगते. बायबलच्या शेवटी सात मंडळ्यांना, म्हणजे त्या काळच्या चर्चना, पत्रं आहेत आणि प्रत्येक पत्रात ख्रिस्त स्वतःची वेगळी ओळख देतो. जी छळाने टेकीला आली तिला सांगतो, मी मेलेला आणि पुन्हा जिवंत झालेला. जी कोमट पडली तिला, मी विश्वासू साक्षी. आमच्या गावात ख्रिस्ती घरंही सातच, म्हणून कुणा जुन्या पाळकाने घरटी एक नाव वाटून दिलं. उपासनेच्या सुरुवातीला ज्याने त्याने उठून आपलं म्हणायचं. आमच्याकडे सहावं आलं: दाविदाची किल्ली असणारा, त्याने उघडलेलं दार कोणी बंद करू शकत नाही. अंगात फारसं त्राण न उरलेल्या मंडळीला दिलेलं हे नाव. बाबा म्हणायचे, "जसं दुखणं तसं नाव." मला लहानपणी दुधारी तलवारीचं हवं होतं, पण ते शेजारच्यांचं होतं.

पुण्याहून रेल्वेने शनिवारी सकाळी नांदेडला उतरले. स्टेशनबाहेर गरमागरम सुशीला खाल्ली. चुरमुरे भिजवून पोह्यांसारखे परततात, तीस रुपयांत पोट भरतं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट. देगलूरच्या गाडीत उजवीकडे बसा, सकाळचं ऊन डावीकडून येतं. माझ्या पुढच्या सीटवरच्या बाई फोनवर तेलुगूत भांडत होत्या आणि मध्येच कंडक्टरला मराठीत बजावत होत्या.

"फाट्याला थांबवा बरं का."

"हाव, थांबवतो की. मागच्या खेपेला तुम्हीच झोपल्या होत्या."

देगलूरहून गावापर्यंत जीप. ती भरल्याशिवाय सुटत नाही, तेव्हा घाई घरी ठेवून या.

मुक्काम कमलमावशीकडे. ती आईची मैत्रीण, पंच्याहत्तरीची. भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढताना म्हणाली, "आता देगलूरच्या चर्चला जाय म्हणतेत. मला त्या जीपीत चढता येतंय का? माझं चर्च सरलं बघ." तिचे यजमान याकूबकाका खाली मान घालून जेवत राहिले.

रविवारी नऊ वाजता चर्चमध्ये पाळकसाहेब धरून आम्ही पाच जण होतो. मावशी, काका, आणि एकट्या राहणाऱ्या मार्थाबाई. सातांपैकी दोनच घरं उरलीत, हे मला तिथे बसल्यावर कळलं. पाळकांनी सुरुवात केली आणि सगळे गप्प झाले. बराच वेळ कोणी बोलेना.

"विसरले का?" मी मावशीच्या कानात विचारलं.

"न्हाई गं. पयलं नाव ज्यांचं, ते हैदराबादला गेलेत. त्यांच्यासाठी थांबून राहिलो."

"दर रविवारी?"

"दर आईतवारी. तुमच्यासाठी बी. नऊ वर्सं झाली."

नऊ वर्षं. बाबा गेले, आईला मी पुण्याला नेलं, घर विकलं आणि गाव संपलं असं धरून चालले. इथे ही म्हातारी माणसं दर आठवड्याला आमच्यासाठी गप्प बसत होती.

दुसरं नाव काकांनी घेतलं. मेलेला आणि पुन्हा जिवंत झालेला. पुढची तिन्ही गप्पच गेली. मग माझी पाळी. मी उठले. समोर खिडकीत नवंकोरं कुलूप होतं, त्यावर किमतीची चिठ्ठी तशीच. त्याच्यासमोर मी दार बंद होत नाही म्हणायचं? मला राग आला, पाळकांचा, देवाचा, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा. मी त्या चिठ्ठीकडे बघत उभी राहिले. कोणी मागे वळून पाहिलं नाही, कोणी घाई केली नाही. त्यांना थांबायची सवयच होती. शेवटी मी म्हणाले, रडत, अर्धे शब्द गिळत. माझ्या पाठोपाठ मार्थाबाईंनी सातवं घेतलं.

उपासना झाल्यावर चर्चला कुलूप लावून पाळक उदगीरच्या बसपर्यंत माझ्यासोबत आले. "ताई, माझ्याकडं पाच गावं हायेत. तिघांसाठी हे छप्पर कसं राखू, सांगा."

उदगीरमार्गे लातूर, आणि लातूरहून पुण्याची रेल्वे. उदगीरपर्यंत रस्ता खराब, पुढे बरा. उदगीर-लातूर पाहण्यासारखं बरंच आहे म्हणतात. मी काहीच पाहिलं नाही.

आईला सगळं सांगितलं. ती रडली नाही. पुढच्या रविवारी नऊला ती खुर्ची ओढून भिंतीकडे तोंड करून बसली. बराच वेळ गप्प. मग खणखणीत आवाजात आमचं नाव म्हणाली. हे ती गेली नऊ वर्षं करत असेल आणि त्या वेळी मी झोपलेली असेन.

मी चहा घेऊन गेले तेव्हा तिने विचारलं, "आता ती तिघं कुठं बसून थांबत असतील गं आपल्यासाठी?"